लाल गाडीतलं जादा पान

चाकाची चकचकीत टोपी रस्त्यावरून गडगडत आली, मेघनाच्या पायाशी एक गिरकी घेतली आणि आडवी पडली. मागोमाग तिच्या इंदापूर रोडवरच्या गॅरेजसमोर एक लाल, उघडी, दोनच सीटची जुनी विलायती गाडी आदळत थांबली.

"माझी हाय ती," खाली उतरलेला तरुण म्हणाला.

"टोपी का गाडी?"

"आजच्या दिवस दोन्ही." तो कसनुसं हसला. "उद्या पुण्याचं गिऱ्हाईक येतंय न्यायला."

तो बारामतीचा यशराज. गाडी त्याच्या वडिलांची, आबासाहेबांची हौस. पण वर्षभरापासून ती साध्या खड्ड्यातही अशी आपटायची की आबांच्या कमरेत कळ उठायची. शॉकअप बदलले, टायर बदलले... फरक शून्य. शेवटी आबाच म्हणाले, विकून टाक.

मेघनानं आधी चाकांतली हवा पाहिली. ठीक होती. मग डिकीवर दोन्ही हातांनी भार दिला. गाडी ढिम्म. तिनं यशराजलाच डिकीवर बसवलं, तरी तेच.

"तुमचं वजनच मानत न्हाय ही," ती म्हणाली, तसा तो पहिल्यांदा मोकळा हसला. ते हसू डोळ्यांत घेऊनच ती गाडीखाली शिरली.

आणि थबकली.

मागच्या पाट्याला, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, एक पान जास्त होतं... जाडजूड, उसाच्या ट्रॉलीला घालतात तसलं. टोकाला छिन्नीच्या तीन रेघा. ती खूण तिच्या वडिलांची, रामभाऊंची होती. त्यांच्या हातच्या पाट्यांसाठी तालुक्यातून ट्रॉल्या यायच्या, आणि आजवर त्या कामात कुणी खोट काढली नव्हती. पान गुपचूप काढावं, तर जुन्या पाट्याला नवा बाक द्यावा लागणार. तो त्यांच्याशिवाय कुणाला जमायचा नाही. गप्प बसावं, तर उद्या गाडी जाणार... आणि गाडीबरोबर हाही.

ती बाहेर आली आणि सरळ गॅरेजमागं वडिलांच्या भट्टीपाशी गेली. "तात्या, ते जाड पान तुमी घातलंय?"

रामभाऊंना आठवलं. गेल्या साली आबासाहेबांचा ड्रायव्हर सावळाराम गाडी घेऊन आला होता, मागून खाली बसतीय म्हणत. "परत बसू नये म्हणून घातलं," ते म्हणाले.

"ट्रॉलीत दहा टन ऊस असतोय, तात्या. हिच्यात दोन माणसं."

यशराज उगाच दुसरीकडे पाहू लागला. रामभाऊंनी हातातला हातोडा खाली ठेवला. मग पाना घेऊन स्वतःच गाडीखाली गेले.

ऊन कललं तोवर जाड पान निघालं, पाट्याला नवा बाक मिळाला, आणि मेघना-यशराज चक्कर मारायला निघाली. गतिरोधक दिसताच यशराजनं सवयीनं दात आवळले. गाडी अलगद वर गेली... अलगद उतरली. त्यानं ती कडेला घेतली, फोन लावला आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं.

"तुमी बोलला नसता, तर मला कधीच कळलं नसतं," तो म्हणाला.

"मला कळलं असतं." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आन् तुमी परत आला नसता."

तो क्षणभर गोंधळला. "आता गाडी बिघडायचीच न्हाय, तर... कुठल्या निमित्तानं येऊ?"

"आबांना घेऊन या. तात्यांना विचारायला."

"काय विचारायला?"

"ते वाटंत ठरवा." गिअरवरच्या त्याच्या हातावर तिनं आपला ग्रीसनं काळा झालेला हात ठेवला. "आबांची कंबर आता दुखायची न्हाय."