सरकता शाफ्ट

लवू मेस्त्री शाफ्ट निवडायला निघाला की एखाद्याच्या मुलीसाठी स्थळ बघायला निघाल्यासारखा निघायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप, आणि दोन्ही पक्षांची सविस्तर चौकशी. मोटारीचा जोर किती, मशीनला झटके किती, दोघांत अंतर किती. शाफ्टला बिचाऱ्याला दोघांच्या मधे राहून दोघांचं ऐकायचं असतं, तेव्हा घाई उपयोगाची नाही, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षांत त्याने जुळवलेली एकही जोडी मोडली नव्हती. मुलीचं, जान्हवीचं, लग्न मात्र तिनेच जुळवलं होतं आणि तेही झकास चाललं होतं; ही गोष्ट तो जरा कमी सांगायचा.

चौसष्टाव्या वर्षी बाबांनी मशीनखाली शिरू नये, असं जान्हवीचं मत. गणपतीत बापलेकीत तह झाला. ज्या दिवशी माप चुकेल, त्या दिवशी टेप तिच्या स्वाधीन करायची आणि घरी बसायचं. लवूने लगेच कबूल केलं. घरी बसून माणूस काय करतो, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शोधून काढायची इच्छाही नव्हती.

दिवाळीला पंधरा दिवस असताना घाटकोपरहून, असल्फ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतून सुहासिनीबाईंचा फोन आला. त्यांचा उटण्याचा कारखाना. मोठा लोखंडी पिंप फिरतो, त्यात सगळं मिसळतं. भुकटी मोटारीत शिरू नये म्हणून मोटर दोन हात लांब बसवलेली, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तुटलेला.

गाळ्यात शिरताच नागरमोथा, वाळा आणि आंबेहळदीचा वास अंगावर आला. लवूला बरं वाटलं. एरवी त्याच्या नशिबी ग्रीसचा वास. चाळणीवर बसलेली वनमाला तर नखशिखांत पिवळी होती. हळद लागून कित्येक वर्षं झाली तरी अजून उतरली नाही, असं ती स्वतःच म्हणाली. लवूने माप घेतलं. आठशे बेचाळीस मिलिमीटर. पुन्हा घेतलं. तेवढंच.

बुधवारी तो नवा शाफ्ट घेऊन आला. शाफ्ट सहा मिलिमीटर आखूड पडला.

लवू खाली बसला. सुहासिनीबाईंनी चहा मागवला, हे जास्त लागलं. त्याने चष्मा पुसून माप घेतलं, मग बाईंना घ्यायला लावलं, मग वनमालाला. तिघांचंही आठशे अठ्ठेचाळीस. त्या रात्री जान्हवीचा फोन आला तेव्हा काम कसं चाललंय, या प्रश्नाला त्याने हवेबद्दल उत्तर दिलं.

शुक्रवारी दुसरा शाफ्ट आला. पंधरा मिलिमीटर आखूड.

मोटर सरकली असेल म्हणावं, तर तिचे बोल्ट जमिनीत घट्ट होते, वर जुना गंज जसाच्या तसा. पिंपाचेही तसेच. लवू बाहेर जाऊन गाळ्याची भिंत मोजून आला. गाळ्याच्या करारात लिहिली होती तेवढीच. आत आला तेव्हा वनमाला केर काढत होती. हात थांबवून ती म्हणाली, "काका, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"हल्ली इथे झाडू एकदा जास्त मारावा लागतो."

लवू हसला नाही. त्याने तिच्या हातातला झाडू घेतला आणि मोटर आणि पिंप यांच्यामधली जमीन स्वतः झाडली. चार-चार इंची जुन्या लाद्या, मोटारीच्या पायापासून पिंपाच्या पायापर्यंत नऊ. पाचव्या आणि सहाव्या लादीच्या मधे एक बारीक पट्टी होती. तीही लादीचीच, तेवढीच जुनी, तेवढीच तेलकट. कडेला झिजलेलीसुद्धा.

त्याने टेप लावली. एकवीस मिलिमीटर.

सहा आणि पंधरा.

"माजा माप चुकला नाय," लवू हळूच म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की बाकीचं काय वाटायला हवं, ते राहूनच गेलं.

आता प्रश्न फक्त निवडीचा होता. जिथे दोन पक्ष एका जागी राहत नाहीत, तिथे ताठ शाफ्ट काय कामाचा? ट्रकच्या पोटाखाली असतो तसला, एका नळीत दुसरी सरकणारा शाफ्ट घ्यायचा. बाजारात सरकायला दोन इंच मिळतात. लवूने पहिल्या, आठशे बेचाळीसच्या मापापासून पुढे आठ इंच सरकेल असा खास करून घेतला. लेथवाल्याने विचारलं, मशीन कुठे फिरायला जाणार आहे काय. लवू म्हणाला, सांगता येत नाही.

सोमवारी शाफ्ट बसला. आधी हाताने फिरवून बघितला, मग नारळ फोडला, मग बटण दाबलं. पिंप असा फिरला की मोटारीवर ठेवलेला चहाचा कप न हलता नुसता ऐकत राहिला. सुहासिनीबाईंनी तीन वेळा थँक्यू म्हटलं. दिवाळीची ऑर्डर निघणार होती. लवूने तिथूनच जान्हवीला फोन लावून टेप आपल्याकडेच राहील असं कळवलं. ती म्हणाली, "बरं बाबा, जिंकलात."

गुरुवारी तो सहज चक्कर मारायला आला. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद. वनमाला दाराबाहेर पायरीवर डबा खात होती. आत का नाही बसलीस, विचारल्यावर तिने फक्त डब्याचं झाकण पुढे केलं. झाकणात लिंबाचं लोणचं होतं. लवूने एक फोड घेतली आणि आत गेला.

शाफ्ट सुरेख बसला होता. आतली नळी चार इंच बाहेर आलेली, चकचकीत, ग्रीस नीट पसरलेलं.

खाली पट्टीही चार इंच झाली होती. आता ती चांगली पूर्ण लादी दिसत होती.

तिच्यावर काहीतरी होतं. लवू उकिडवा बसला.

टाच.

अनवाणी, मोठ्या माणसाची टाच, आणि पुढे पायाची कमान. ओल्या सिमेंटवर कोणी चाललं की उमटते तशी. फक्त ती खाली दाबलेली नव्हती. वर आली होती.

खालून कोणीतरी पाय टेकला होता.

लवूने टेप काढली आणि न शिवता अंदाज घेतला. बोटं यायला अजून साडेतीन इंच तरी लागतील. त्याने शाफ्टकडे बघितलं. आठांपैकी चार इंच शिल्लक होते.

पुरणार होता.