एकच नवा ठिपका

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती बेशुद्ध सापडली. उजव्या मुठीत खोलीची किल्ली होती. डॉक्टरांनाही ती मूठ उघडता आली नाही. नवरा पळाला नव्हता. खालच्या पायरीवर मोबाइल हातात धरून बसला होता.

"पत्ता कुणी दिला?" फौजदारबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. ठिपका बघत आलो."

यापलीकडे तो बोलला नाही.

घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत ती परिचारिका होती. बोलणं कमी, म्हणून सगळे तिला अबोली म्हणत. मारकुट्या नवऱ्याला सोडून सहा महिने ती जिन्यावरच्या या खोलीत लपून राहत होती. शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य बोलली. "पत्ता फक्त ताईला माहीत होता." मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई बाहेर बाकावर होती. मांडीवर धुतलेल्या कपड्यांची पिशवी.

"मी नाही हो सांगितलं. ती मला आत येऊ देत नाही. तुम्ही सांगा ना तिला."

"आधी मला तर कळू दे," बाई म्हणाल्या. ताईनं मान हलवली. पिशवीचे बंद ती सोडत होती, पुन्हा बांधत होती.

संस्थेच्या कचेरीत कामं वाटून देणारे काका भेटले. तीन परिचारिका, एक बस, एक आतली खोली. सगळा कारभार त्यांच्या हातात.

"हा ठिपका काय प्रकार आहे?"

"रुग्णाच्या नातेवाइकांना मोबाइलवर नकाशा दिसतो. प्रत्येक परिचारिका म्हणजे एक ठिपका. नाव नाही, नुसता नंबर. अडीअडचणीला जवळ कोण आहे ते कळावं, म्हणून घरी गेल्यावरही तो चालू."

"म्हणजे दुपारी माझ्या आईकडे आलेला नंबर मी संध्याकाळी त्याच्या घरापर्यंत बघू शकते."

"नाही जमणार. सहाला तिघी आत बसून एकदम नंबर बदलतात. तीन जुने ठिपके मावळतात, तीन नवे उगवतात. कोणता कुणाचा, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फक्त उद्याच्या रुग्णांची माहिती पुन्हा भरावी लागते. पंधरा मिनिटांची कटकट. तोवर बस थांबते. मी हात दाखवल्याशिवाय चालक हलत नाही."

"त्या दिवशी?"

"रोजच्यासारखं. तिघींनी बदलला, बस सव्वासहाला सुटली."

मग तिघींतली थोरली आली. तीस वर्षं याच कामात.

"नंबर बदललात?"

"बदलला."

"नक्की?"

"बदलला म्हटलं ना. आता काय, बेलभंडारा उचलू?"

तिच्यामागून तिसरी, चष्मेवाली.

"मीही बदलला. मग बसनं थेट मुलीच्या शिकवणीला. तिथल्या बाई भारी खाष्ट, साडेसहाच्या ठोक्याला दाराला कुलूप घालतात. रोज पोर फाटकात उभी असते. त्या दिवशी मी आत जाऊन घेतली. म्हणाली, 'आई, आज सूर्य पश्चिमेला उगवला का गं?'"

फौजदारबाई हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्या त्याच बसनं गेल्या. शिकवणीच्या थांब्याला पंचवीस मिनिटं लागली. वाटेत गाडी कुठे अडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना आणि त्या दोघींना आतल्या खोलीत बसवलं. चौथी खुर्ची रिकामी होती.

"सव्वासहाला सुटलेली बस साडेसहाच्या आत शिकवणीला पोचत नाही," बाई म्हणाल्या. "बस सहाच्या ठोक्याला सुटली. म्हणजे तुम्ही दोघींनी नंबर बदललाच नाही."

चष्मेवालीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं, थोरली बदलतेय. दोघींनी बदलला की झालं. कोणता ठिपका कुणाचा, हे मग ओळखू येणार नाही."

"असं वाटलं, की कुणी सांगितलं?"

"काकांनी. म्हणाले, दमलीस, आज राहू दे, थोरली आहे अबोलीच्या जोडीला."

थोरली सावकाश म्हणाली, "मला सांगितलं, चष्मेवाली आहे."

"बसमध्ये एकमेकींना पाहिलंत तेव्हा?"

"पाहिलं," थोरली म्हणाली. "मग खिडकीबाहेर पाहिलं."

बाई काकांकडे वळल्या. "तिचा पत्ता तुम्हाला ठाऊक नव्हता. तिच्यामागे माणूस लागला असता, तर तिनं ओळखला असता. म्हणून तिच्या नवऱ्याला रुग्णाचा नातेवाईक म्हणून यादीत घेतलंत. नोंद तुमच्याच अक्षरात आहे. भिणारी एकटी ती. ती नंबर बदलणारच. तिला सांगितलंत, दोघी आज बसमध्येच बदलताहेत. बाकी दोघींना 'दुसरी आहे ना' एवढं सांगितलं की पुरे. माणूस कंटाळलेला असला की दुसऱ्यावर भरवसा टाकायला त्याला निमित्तच हवं असतं. दोन जुने ठिपके बसबरोबर गेले. मागे एकच नवा उगवला. लपायला गेली, म्हणूनच ती दिसली. आणि या दोघी बाहेर थांबल्या असत्या, तर एकमेकींना विचारलं असतं. म्हणून तुम्ही सहालाच हात दाखवलात."

काकांनी टेबलाची कड चाचपली.

"पाया पडला हो माझ्या. म्हणाला, फक्त माफी मागायचीय. वाटलं, मोडलेला संसार सांधला जाईल."

"तिला विचारलंत?"

"ती बोलते कुठे?"

बाईंनी काकांना उठायची खूण केली.

इस्पितळात बाईंनी अबोलीला सगळं सांगितलं. ती भिंतीकडेच बघत होती.

"म्हणजे ताईनं नाही."

"नाही."

"आणि त्या दोघींनीही बदलला नाही?"

"नाही."

"एक जरी थांबली असती तरी चाललं असतं," अबोली म्हणाली. एखाद्या रुग्णाचा ताप सांगावा तसं.

बाईंनी दार उघडलं. ताई आत आली आणि पिशवी घेऊन पायथ्याशीच उभी राहिली. अबोलीनं कूस बदलली, मूठ उघडली. तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते.

"ती खोली सोडायचीय," ती म्हणाली. "सामान तू आण."

ताईनं किल्ली घेतली.