डावीकडे न वळणारी गाडी

मोटारसायकलच्या टाकीला दातांचं सिमेंट लावलेलं आहे, हे घड्याळजीच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. गुलाबी, हिरडीला शोभेल असं. आधीचा मालक दातांचा डॉक्टर, त्यामुळे हाताला लागेल ते त्याने वापरलं होतं. क्लचची केबल दात सरळ करायच्या तारेने आवळली होती. सीटला घातलेले टाकेसुद्धा तोंडातले होते.

"टाकीचं रूट कॅनल केलंय," घड्याळजी बायकोला म्हणाला.

"मग दोन दिवस तिला गरम काही देऊ नका," बायको म्हणाली आणि चहा एकटीच प्यायली.

गाडी मुळात दादाची, म्हणजे घड्याळजीच्या थोरल्या भावाची. इंजिनावरच्या नंबरवरून घड्याळजीने ती बावीस वर्षांनी शोधून काढली होती, आणि सापडली ती घरापासून दोन वळणांवर. आपण कोण, हे त्याने डॉक्टरला सांगितलं नाही. डॉक्टरनेही विचारलं नाही. "जितकी लांब नेता येईल तितकी न्या," एवढंच तो म्हणाला.

दादा गाडीच्या बाबतीत सासूसारखा होता. मागे बसणाऱ्याने चपला काढायच्या. फूटरेस्टचं रबर खराब होतं. चपला हातात घ्यायच्या नाहीत. सीटला माती लागते. जिथे बसलात तिथेच त्या नीट जोडून ठेवायच्या आणि परतताना पायी येऊन घ्यायच्या. घड्याळजीने शाळेची एक अख्खी वार्षिक परीक्षा अनवाणी दिली होती.

मग एका सकाळी दादा रस्त्यावर मरून पडलेला सापडला. पाहणारं कुणी नव्हतं. पंचनाम्यात आलं: ब्रेक निकामी. आदल्या संध्याकाळी तो ब्रेक घड्याळजीने बसवला होता. वय वर्षं चौदा. आई त्याला एका शब्दानेही बोलली नाही. फक्त त्यानंतर त्याने दुरुस्त केलेली एकही वस्तू तिने वापरली नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने मरेपर्यंत बंद ठेवलं आणि वेळ शेजारणीला विचारली.

पुढच्या चाकाचा ब्रेक उघडायचं घड्याळजीने दोन दिवस टाळलं. घड्याळजीच्या धंद्यात हे बसत नाही.

आत पितळेची खीळ होती. भिंतीवरच्या घड्याळाच्या खिळीतून त्याने तेव्हा घासून केलेली, डोक्यावर तीन खाचा. त्याने डोळ्याला भिंग लावलं. खीळ जागच्या जागी. केबल ताठ. ब्रेक शाबूत होता. ब्रेक बावीस वर्षं शाबूत होता.

मग त्याने टाकीवरचं गुलाबी सिमेंट खरवडायला घेतलं. खाली खोल पोचा होता आणि पोच्यात दुसऱ्या गाडीचा रंग घासून बसला होता. पिस्ता.

शेवटची दुरुस्ती हँडलखाली सापडली. डाव्या बाजूला वेल्डिंगचा मुठीएवढा गोळा. त्यामुळे हँडल उजवीकडे वळायचं, समोर यायचं, आणि तिथेच अडायचं. एवढं एकच काम डॉक्टरने बाहेरून करून घेतलं होतं, आणि एवढं एकच पक्कं होतं.

तो गोळा कापायला तीन दिवस लागले.

रविवारी सकाळी त्याने गाडी बाहेर काढली. पहिल्या किकला सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी ती डावीकडे वळली. त्याने वळवली नव्हती. त्याने क्लच दाबला. गाडी चालत राहिली. पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा डावीकडे.

ब्रेक त्याने दाबला नाही. ब्रेक चांगला आहे, हे त्याला आता माहीत होतं.

गाडी डॉक्टरच्या फाटकाशी येऊन थांबली. डॉक्टर झाडांना पाणी घालत होता. त्याने गाडीकडे पाहिलं, मग हँडलकडे. पाइप हातातून सुटला.

"तो गोळा काढलात?"

"हो. फार वाईट दिसत होता."

"अहो, दिसायला नव्हता तो!" डॉक्टरचा आवाज चिरकला. "तीनदा भंगारात घातली मी ही. तीनदा सकाळी इथे, फाटकाशी! गोळा बसवला तेव्हा कुठे थांबली."

"मग डावीकडे काय आहे, डॉक्टर?"

डॉक्टरचे डोळे क्षणभर मागे गेले. मागे ताडपत्रीखाली एक मोटार होती. चाकांतली हवा गेलेली. ताडपत्रीचा कोपरा फाटला होता आणि फाटलेल्यातून जेवढं दिसत होतं तेवढं पिस्ता रंगाचं होतं.

घड्याळजीने गाडी स्टँडला लावली. तोंड आत.

"घेऊन जा हो," डॉक्टर म्हणाला. "हात जोडतो."

"नेतो की. जरा जेवून येतो."

"किल्ली तरी न्या!"

"नेतोय," घड्याळजी म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून चालू लागला. मागे वळून त्याने पाहिलं नाही. बायकोने विचारलं, आज एवढे सावकाश का जेवताय. तो म्हणाला, भात छान झालाय.

हात धुऊन तो मागच्या खोलीत गेला. गाडी तिथे उभी होती.

इंजिन गरम होतं. हँडल सरळ होतं, आणि सोडलं तरी सरळच राहत होतं. मीटरवर चारशे बारा किलोमीटर वाढले होते. सव्वा तासात. मीटर बिघडला असेल, म्हणून त्याने तो उघडून तपासला. मीटर त्यानेच दुरुस्त केला होता. बिनचूक होता.

दारात डॉक्टरचा कंपाउंडर येऊन उभा राहिला.

"डॉक्टर आलेत का इकडे?"

"नाही बुवा. का?"

"घरात नाहीत. पाइप तसाच वाहतोय. लांब गेले म्हणावं तर..." कंपाउंडरने डोकं खाजवलं. "चपला फाटकाशीच आहेत. नीट जोडून ठेवलेल्या."

घड्याळजीने फडकं घेतलं आणि मागच्या फूटरेस्टचं रबर पुसायला वाकला. पुसायची गरज नव्हती. मातीचा कणही लागला नव्हता.