बल्लवाला नाक नव्हतं

आमटीत मीठ बरोब्बर, चिंच-गूळ बेताचा. तरी आबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. "मातीसारखी लागते," ते म्हणाले.

"अशक्य!" स्वयंपाक करणारा यंत्रमानव बल्लव म्हणाला. त्याच्या पळीलाच जीभ होती. "माझं माप चुकत नाही."

मापाचं काय घेऊन बसलायस, असं शलाकाला ओरडावंसं वाटलं. साथीचा ताप येऊन गेल्यापासून आबा खातच नव्हते. सदरे अंगावर लोंबायला लागले होते. एवढे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ, पण जेवणापुढे त्यांनी हात टेकले होते. नातीला त्यांची फार काळजी वाटत होती.

"आबा, आमटी छान झालीय. मग तुम्हालाच चव का लागत नाही?"

प्रश्न ऐकताच आबांचे डोळे चमकले. जेवण सुटलं तरी शिकवायची खोड थोडीच सुटते! "नाक दाब घट्ट. आता हा बेसनाचा लाडू खा."

"नुसता गोड लागतोय!"

"सोड नाक."

नाक सोडताच वेलदोडा, तूप, भाजलेलं बेसन, सगळं एकदम धावून आलं.

"जिभेवरच्या रुचिकलिकांना (चव ओळखणाऱ्या पेशींच्या झुबक्यांना) पाचच चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटोत, मटणाच्या रश्शात असते ती)."

"आणि तिखट?"

"ती चव नव्हे गं, चटका!" आबा हसले. "बाकी सगळी मजा नाकाची. घास चावला, की त्यातले वासाचे कण घशामागच्या वाटेने नाकात चढतात. तिथे असतात गंधपेशी (वासाचे कण ओळखून मेंदूला कळवणाऱ्या पेशी), जवळजवळ चारशे प्रकारच्या. त्यातल्या कुठल्या जाग्या झाल्या, त्यावरून मेंदू ठरवतो, हा वेलदोडा, ही हिंगाची फोडणी. तापाने माझा तो कारखानाच बंद पाडला."

"कायमचा?"

"सांगता येत नाही. गंधपेशी नव्याने उगवतात खऱ्या. रोज हुंगायचा सराव केला, तर पुष्कळांना फायदा होतो. मीच कंटाळा केला."

शलाकाने नाही केला. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाब अशा चार डब्या ती आबांच्या नाकाखाली धरायची. "वास आठवा आणि हुंगा!" दोन महिने काही म्हणजे काही झालं नाही. आबा चिडायचे, पण नात त्यांच्यावरताण हट्टी.

एका रविवारी बल्लव लोणी कढवत होता. तूप झालं की नाही, हे घरोघरी वासावरून कळतं. हा पठ्ठ्या मात्र पळी बुडवून चव घेत बसला. बाहेर शलाका आबांशी पत्ते खेळत होती. सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं.

एकाएकी आबांनी पत्ते टाकले. "अरे बल्लवा, तूप करपतंय! शेगडी बंद कर!"

बल्लव काळंकुट्ट पातेलं घेऊन दारात आला. "क्षमा करा. चव आत्ता कुठे कडू लागली..."

त्याचं ऐकतंय कोण! आबा पातेल्यावर वाकून पुन्हा पुन्हा हुंगत होते. शलाकाला रडूही आलं आणि हसूही.

"शलाके, काय घाण वास आहे गं!" आबा आनंदाने ओरडले. "बल्लवा, आधी मला आमटी वाढ. मग तुझ्यासाठी नाक करायला घेतो."