शेजारचा श्वास

साहेब, एकटेपणा हा आजारच नाही, असं आरोग्य खात्याच्या कागदावर लिहून सही ठोकणारे तुम्हीच ना? मग हौसाक्का ढवळेच्या घरी काय घडलं ते नीट ऐकून घ्या.

इचलकरंजीत एका खोलीत हौसाक्का राहायची. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि कापसाच्या तुसानं फुप्फुसं भरली. नळीतून ऑक्सिजन मिळत होता, पण बोलायला कोण? दम लागतो म्हणून ती बाहेर पडेना, आणि खोकते म्हणून कोणी आत येईना.

मग तुमच्याच खात्याकडून श्वासपट्टा आला. छातीला बांधायचा, आत हवेच्या बारीक पिशव्या. दुसऱ्या टोकाला असाच कुणी आजारी. त्याची छाती भरली की हिच्या बरगड्यांवर हलका दाब, ओसरली की सैल. हिचा श्वास तसाच तिकडे पोचायचा. शिवाय बोलायची सोय. हौसाक्काला जोडीदार मिळाला तो थेट चंद्रपूरचा, कोळसा खाणीतून निवृत्त झालेला मारोती मडावी.

"जेवलात काय, मडावीभाऊ?"

"जेवलो ना बाई. तू मात्र भात कमी खा. तुझं पोट माझ्या छातीवर येऊन बसते!"

"बसू दे की! तेवढंच तुमचं वजन वाढंल."

यंत्र बनवणाऱ्यांना वाटलं होतं, सोबत होईल, बस्स. या बाईनं त्यापुढची मजल मारली. मागाच्या शेडमध्ये रीतच असते. शेजारीण पाणी प्यायला गेली की तिचे माग आपण बघायचे, तिनं सांगायचीसुद्धा गरज नाही. मडावीला धाप लागली की त्याचा श्वास हौसाक्काच्या छातीवर घाईघाईनं आदळायचा. ही डगमगायची नाही. आपला श्वास मुद्दाम लांबवायची, फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडायची. तिची लय धरून तोही निवायचा. अख्खा हिवाळा त्याला दवाखान्याचं तोंड बघावं लागलं नाही. सलाम ठोकावा असं काम!

आणि तुम्ही? तुमच्या पडद्यावर तिच्या श्वासाचे आकडे हलले. एका रुग्णाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीत मिसळते म्हणालात. पट्टे राहू द्या, जोडणी तोडा. म्हणजे श्वास मोजायचा, पोचवायचा नाही!

जोडणी तोडायला सायली वाघमोडे आली. पट्टा बनवणाऱ्या इंजिनिअरांपैकीच एक.

"आजी, वरून आदेश आहे."

"माझं काय न्हाई गं. रडंन आन् गप बसंन. पन त्यांना धाप लागली तर तिकडं कोन हाय?" हौसाक्कानं पट्टा सोडून तिच्यापुढे धरला. "बनवलास खरा, कवा बांधलास का? बांध."

सायलीनं बांधला. बरगड्यांवर हलका दाब आला, ओसरला.

"बाई?" पट्ट्यातून आवाज आला. "आज तुझा श्वास काहून वेगळा लागते? बरी आहेस ना?"

काळजीनंच म्हाताऱ्याला धाप लागली. सायलीच्या छातीवर धडाधड दाब आदळू लागला. जोडणी तोडायच्या बटणाशी नेलेला हात तिनं मागं घेतला.

"हाय मी इथंच, भाऊ, घाबरू नगा," हौसाक्का ओरडली. पण शब्दांनी धाप थोडीच उतरते? "पोरी, फुंकर घाल. सावकाश."

सायलीनं श्वास लांबवला. पुन्हा लांबवला. तिकडची धाप कणाकणानं उतरू लागली.

तेवढ्यात तुमचा फोन आला. "झालं का काम?" लय मोडेल म्हणून सायली बोलली नाही. तिनं फोन हौसाक्कापुढे धरला.

"साहेब," हौसाक्का दम खात बोलली, "या पोरीच्या छातीवर आत्ता एक मानूस जगाय लागलाय. बटन दाबू दे का तिला? व्हय का न्हाई, ते तुमच्या तोंडानं सांगा."