डावीकडची पांढरी रेघ

वालाच्या शेंगांचं मडकं जाळातून निघायला अजून अर्धा तास आहे. तोवर ते मोबाइल उलटे करून ठेवा बघू सगळ्यांनी. अपेक्षा, तूसुद्धा. पोपटी काय पळून जात नाही.

"मोरूकाका, गोष्ट भुताची हाय ना?"

भूत त्यात कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी साईनाथला ओळखतो, एवढं मात्र खरं. कर्जतच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि माझं इन्व्हर्टरचं, भिंतीला भिंत लागून. अकरा वर्षं एका किटलीतला चहा प्यालो आम्ही. हात सोन्याचा होता त्याचा. मनाबद्दल मला विचारू नका.

दोन हजार चोवीस साल, दहा डिसेंबर, मंगळवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, काही नाही. साडेसातला साईनाथने शटर ओढलं, बॅग पाठीला लावली आणि मला म्हणाला, "पोशीरला जाऊन येतो. एका मावशीचा पीसी बंद पडलाय. धा मिनिटांचं काम." आणि गाडीला किक मारून गेला. पुढचं सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं, एक शब्द न लपवता.

ही मावशी म्हणजे सोनुबाई. नवरा आधीच गेलेला. एकुलता एक मुलगा ओमकार, तेवीस वर्षांचा, कॉम्प्युटरवर कार्टून बनवायचा. एकेक पार्ट जमवून मशीन त्याने स्वतः जोडलं होतं आणि त्यात लिनक्स टाकलं होतं. फुकटची सिस्टीम, आतलं सगळं उघडून बघता येतं, म्हणून त्याला ती आवडायची. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला आणि आठ दिवसांत पोरगा गेला. त्या धावपळीत त्याचा मोबाइलही कुठेतरी हरवला. मागे उरलं ते मशीन आणि त्यातले चाळीसेक व्हिडिओ. कॅमेऱ्याकडे बघून ओमकार बोलतोय, हसतोय, कार्टून कसं काढायचं ते शिकवतोय.

सोनुबाईला लिहिता-वाचता येत नाही. तापात पडल्या पडल्या ओमकारने कॅलेंडरच्या पानामागे पासवर्डची अकरा अक्षरं मोठी मोठी काढून दिली होती. रोज दिवाबत्ती झाली की ती कागद मांडीवर घेऊन बसायची. पहिला आकार बघायचा, तसा आकार कीबोर्डवर शोधायचा, दाबायचा. मग दुसरा. अकरा आकार झाले की तिचा मुलगा बोलायला लागायचा. रोज एक व्हिडिओ बघायची, जास्त नाही. बघून बघून झिजतील म्हणून भीती वाटायची बिचारीला.

नोव्हेंबरच्या शेवटी पडद्यावर काहीतरी विचारणा आली. ओमकार असं आलं की मोठं बटण दाबायचा, म्हणून तिनेही दाबलं. दुसऱ्या दिवशी पडदा काळा. डावीकडे वरच्या कोपऱ्यात फक्त एक बारीक पांढरी रेघ. लागते, विझते.

साईनाथने बघितल्या बघितल्या ओळखलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग. त्याचा ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. अपडेटने सिस्टीम पुढे गेली होती आणि दुभाषा जुनाच राहिला होता. नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर जायचं, पासवर्ड टाकायचा, जुना ड्रायव्हर काढून जुळणारा घालायचा. व्हिडिओंना धक्काही लागत नाही. खरंच दहा मिनिटांचं काम होतं, पोरांनो!

पण धूळ झाडायला म्हणून त्याने मशीनचं कॅबिनेट उघडलं आणि आतलं कार्ड त्याला दिसलं. दोन पंख्यांचं, दणदणीत. रसायनीचं एक गिऱ्हाईक दोन महिने असल्याच कार्डासाठी त्याच्या मागे लागलं होतं. साईनाथच्या बॅगेत भंगारातून काढलेलं एक जुनं कार्ड होतं. म्हातारीला काय कळणार आहे?

सोनुबाईने कागद आणून टेबलावर ठेवला. "जपून हां रं दादा. माज्यापाशी येवढाच हाय." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

त्याने कार्ड उपसलं. चिप जळलेली तर नाही ना, हे बघायला पंखे खोलले. चिप गार ठेवणारी करडी पेस्ट तिच्यावर लागलेली होती. ती पुसायला माणसं कापूस घेतात, कापड घेतात. साईनाथची सवय वाईट, हाताला लागेल त्याने पुसायचं. पेपराचा तुकडा, बिलाची पावती, काहीही. मी त्याला दहा वेळा टोकलं असेन. त्याने बघितलंही नाही. हाताला लागला तो कागद घेतला, चिप घासून घासून पुसली, बोळा केला आणि कोपऱ्यातल्या केरात टाकला.

भंगारातलं कार्ड बसवलं, मशीन चालू केलं. मशीनने पासवर्ड मागितला. साईनाथने टेबलावर हात फिरवला.

केरातून बोळा काढून उलगडला तर सगळा करडा चिखल. एक अक्षर लागेना. ओमकारने डिस्कलाही कुलूप घातलेलं, त्यामुळे मागच्या दाराने शिरायची सोय नव्हती.

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. त्याने बोळा परत केरात टाकला, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि नवी सिस्टीम घालायला घेतली. जुनं सगळं पुसायचं का, असं मशीनने विचारलं. तेवढ्यात सोनुबाई कप घेऊन आली.

"ओमकार ऱ्हाईल ना रं त्यात?"

"ऱ्हातंय ओ मावशी सगळं," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

अर्ध्या तासाने पडदा उजळला. निळा डोंगर, स्वच्छ आकाश. सोनुबाई जवळ येऊन बसली. कागद कुठाय, तिने विचारलं. आता लागणार नाही, तो म्हणाला. तिने व्हिडिओच्या जागेवर माउस नेऊन दाबून पाहिला. तिथे काहीच नव्हतं.

"माजा पोर कुटं हाय?"

"कार्ड जळालं होतं, त्याच्यासंगं गेलं सगळं. गेलेला मानूस परत येतो का मावशी? तसंच समजा."

असं बोलला तो! हे मला सांगतानाही त्याची मान खाली गेली नाही, आणि मला त्याची कीव यायची थांबली ती तेव्हापासून. सोनुबाई रडली नाही. त्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे बघत राहिली. चहा तसाच गार झाला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो दुकानात पोचला. सकाळी रसायनीला द्यायचं म्हणून कार्ड तपासायला बसला. आपल्या मशीनमध्ये घातलं, चालू केलं.

पडदा काळा. डावीकडे वर पांढरी रेघ.

हसला तो. ड्रायव्हर जुळत नसणार. अक्षरांच्या स्क्रीनवर गेला. तिथे एक ओळ आली. इंग्रजीत ओमकारचं नाव, आणि पुढे पासवर्ड.

मशीन साईनाथचं होतं. डिस्क साईनाथची होती. ओमकार नावाचं त्यात कोणी नव्हतं.

कार्ड उपटलं.

ओळ तिथेच.

मॉनिटरची वायर काढली… ओळ तिथेच.

भिंतीतला प्लग ओढला. पंखे थांबले. एकदम शांत झालं. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं…

ओळ तिथेच.

त्याने डोळे मिटले.

…

काळं. डावीकडे वर, पांढरी रेघ. लागते. विझते.

डोळे उघडले. दुकान नव्हतं. टेबल नव्हतं. स्वतःचे हात नव्हते. काळं… आणि ओळ.

सकाळी नऊला मी आलो तेव्हा त्याचं शटर अर्धं वर होतं. तो खुर्चीत ताठ बसलेला. मी हाक मारली तर म्हणाला, "मोरू, दिवस उजाडला का रं?"

मी त्याला पनवेलला नेलं, मुंबईला नेलं. तीन डॉक्टर झाले. डोळे चांगले, मागच्या शिरा चांगल्या, मेंदूत काही नाही. तिसरा म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे, फक्त चित्र उमटत नाही. साईनाथ तेव्हा इतका मोठ्याने हसला की नर्स आत धावत आली.

मग तो म्हणाला, मला पोशीरला घेऊन चल.

सोनुबाई दारातच उभी होती. तिने या म्हटलं नाही. साईनाथने कार्ड पुढे धरलं, ते तिने घेतलं आणि पदराने पुसलं. मग तो चाचपडत खाली बसला, तिच्या पायांशी. "मावशी, तो पासवर्ड मागतोय. ती अक्षरं सांगा. अकरा अक्षरं."

"कागूद तुज्याच हातात दिला व्हता ना."

"तो केरात…"

"केर मी दुसऱ्या दिशी सकाळीच चुलीत घातला."

साईनाथने तिचे पाय धरले.

"आटवा मावशी! रोज दाबत होता तुमी. एक तरी आटवा…"

"मला वाचता येत नाय रं. मी बघून बघून दाबायची." मग ती वाकली, अगदी त्याच्या तोंडाजवळ आली. "माज्या पोराचं नाव दिसतंय तुला?"

"व्हय."

"सारकं दिसतंय?"

"व्हय मावशी. झोपेत पन."

सोनुबाई सरळ झाली. "मला तर तू तेवडंबी ठेवलं नाय. तू बघत बस."

आणि तिने दार लावलं.

आता तो दहिवलीला भावाकडे असतो. मांडीवर एक कीबोर्ड असतो, कशालाही न जोडलेला. दिवसभर अकरा अक्षरं दाबतो, थांबतो, ऐकल्यासारखं करतो, परत दाबतो. भावाची बायको म्हणते, डोकं फिरलंय त्यांचं. मीही तसंच म्हणायचो.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलो होतो. गुरुवार होता. आठ वाजता लाइट गेली, गावभर मिट्ट काळोख. मेणबत्ती आणायला भाऊ आत गेला. साईनाथ माझ्यासमोर बसलेला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. कीबोर्डची टकटक तेवढी ऐकू येत होती.

टकटक थांबली. त्याने माझ्याकडे मान वळवली.

मोबाइल नव्हता तिथे. काडी नव्हती पेटलेली. बाहेर चांदणं नव्हतं…

त्याच्या दोन्ही बुबुळांत, डावीकडे वरच्या कोपऱ्यात… केसाएवढी पांढरी रेघ.

लागत होती.

विझत होती.