चूलबंद आवतन

माझ्या गोष्टींत निम्मं मी पदरचं घालतो, हे सगळ्या पाली गावाला ठाऊक आहे. हिच्यात मात्र काही घालायची मला अजून हिंमत होत नाही.

रिक्षा घेऊन मी सुंदरामामीला आणायला गेलो होतो. तिचं गाव आपल्याच जिल्ह्यातलं, पण वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याला खेटून. तिथं वारा सुटला की भरदुपारी दिवे लावावे लागतात. दातांत कचकच, कपड्यांना ओल्या सिमेंटचा वास.

राधाकिशनमामा ती राख खोकतच गेले. आता मामीच्या छातीचा फोटो बघून बीडच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, ही चुलीतली राख नव्हे. भिंगाखाली काचेच्या बारीक गोट्या दिसतात, तोंडाला पदर लावला तरी पार होतात, आणि शिसं, आर्सेनिक घेऊन फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. "आत जाते, बाहेर येत नाही," डॉक्टर म्हणाले. तिला तिथून हलवलं नाही, तर तीही मामांच्या मागोमाग जाईल. आणि मामी त्याच राखेनं भांडी घासायची. लई चकाकतात म्हणायची.

मामी हलायला तयार नव्हती. का, ते तिनं बोटानं दाखवलं.

माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरायचं, वर टोपलं झाकायचं आणि सकाळी पाऊल कशाचं उमटलं ते बघायचं, ही आपली रीत. मामीच्या घरात पीठ लागतच नव्हतं. सकाळी झाडलेल्या जमिनीवर दुपारपर्यंत राखेचा थर बसलेला. त्या थरात उंबऱ्यापासून मामीच्या बाजेपर्यंत पावलं होती. डाव्या पायाला करंगळी नव्हती. मामांची करंगळी कुऱ्हाडीनं गेली होती.

"रोज येतेत," मामी समाधानानं म्हणाली. "मी न्हाई दिसले तर कुठं हुडकतील?"

माझी जीभ काही गप्प बसेना. उंबऱ्यापाशी हात जोडून म्हणालो, "मामा, तुमाला चूलबंद आवतन हाय. संगं असतील त्या समद्यांना आना." म्हणजे मागं कुणी चूल पेटवायची नाही, अख्ख्या घरानं यायचं. मामी पदराआड हसली आणि बोचकं बांधायला लागली.

कुंपणाला काठी टेकून शेजारचा सटवा हे ऐकत होता. लहानपणापासून तो एक पाय ओढत चालतो.

"अन् मला न्हाई व्हय बे?"

"तुलाबी हाय की," मी म्हणालो.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला तरी रिक्षा पुढं रेटली जायची, लग्नाचं वऱ्हाड कोंबल्यासारखी. आरशात बघितलं. मागं एकटी मामी, कोपऱ्यात अंग चोरून.

"मामी, ऐसपैस बस की."

"जागा कुठंय…" ती पुटपुटली.

पालीत मामी सुधारली. बिंदुसरा नदीकडून वारा येतो, भाकरी अंगी लागते, खोकला निम्म्यावर आला. चेहरा असा उजळला की बायको म्हणाली, माहेरी आल्यासारख्या दिसतात.

आल्याच्या दुसऱ्याच सकाळी आमच्या शहाबादी फरशीवर दारापासून तिच्या बाजेपर्यंत राखाडी पावलं होती. करंगळी नसलेली. बायकोनं ओल्या फडक्यानं पुसली, फडक्याला ओल्या सिमेंटचा वास आला. आमच्याकडं कुठली आली राख? मग रोजच उमटायला लागली, आणि एकट्या मामांचीच नव्हे. भेगाळलेल्या टाचांची, जोडव्यांचे वण असलेली, एक तर अगदी रांगत्या लेकराच्या तळव्यांची. मामी दाराशी पाण्याची घागर भरून ठेवते. "पाव्हणे हायत, असू द्या," म्हणते आणि शांत झोपते. सगळी पावलं आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही.

काल सकाळी त्यांत नवीन एक जोडी दिसली. एक पाऊल सरळ, दुसरं फरफटलेलं, बाजूला काठीचा गोल ठसा.

सटवा गेला, असंच मला वाटलं. फोन लावला, तर त्यानंच उचलला.

"हाय की जित्ता. घरीच झोपलोय," तो म्हणाला. मग कण्हला.

"पन काय बे… पाय कावून असे दुखायलेत? लई लांब चालून आल्यावानी…"